इलेक्ट्रिक कुकरमध्ये मक्याची कणसं उकडताय? या चुका टाळा

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या अमळनेरच्या घरी दोन ठिकाणची कणसं एकाच दिवशी आली. दिरांनी शेतातून देशी मक्याची पिशवी भरून आणली आणि मुलाने बाजारातून स्वीट कॉर्नची सहा कणसं. घरात माणसं जास्त होती, म्हणून मी दोन्ही इलेक्ट्रिक प्रेशर कुकरच्या एकाच भांड्यात घातली आणि दहा मिनिटं लावली. झाकण उघडलं तेव्हा स्वीट कॉर्नचे दाणे नुसते बोट लावलं तरी सालीतून निसटत होते. देशी कणीस सासूबाईंनी एकदाच चावलं आणि ताटात ठेवून दिलं. "कच्चंच शे हाई," एवढंच म्हणाल्या. मग पिशवीतलं एक न उकडलेलं कणीस काढलं, त्याची पानं थोडी खाली ओढली आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "आधी नख मारी देख."

गेली तीन वर्षं मी हा कुकर वापरते आहे. कणसं बिघडली की दोष कुकरचा नसतो, कणीस न ओळखण्याचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाकीच्या चुका त्यानंतरच्या.

देशी आणि स्वीट कॉर्न एकत्र लावणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि खान्देशात ती जास्त होते, कारण आपल्याकडे दोन्ही मिळतात. पावसाळ्यात शेताशेतात मका उभा असतो. तो मुळात दाण्यासाठी आणि चाऱ्यासाठी लावलेला, त्यातलीच चार कोवळी कणसं घरी खायला येतात. स्वीट कॉर्न मात्र ठिबकवर जवळपास वर्षभर निघतो. पानात गुंडाळलेली दोन्ही कणसं सारखीच दिसतात, पण आतला दाणा वेगळा.

देशी मक्याचा दाणा भरत जातो तसतशी त्यातली साखर पिठात म्हणजे स्टार्चमध्ये बदलते. स्वीट कॉर्नमध्ये हा बदल जन्मतःच अडलेला असतो, म्हणून साखर टिकते आणि पीठ कमी राहतं. साखरेला शिजायचं काही नसतं, दाणा गरम होऊन साल मऊ झाली की झालं. पिठाला मात्र पाणी पिऊन फुगावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. म्हणून स्वीट कॉर्नला दोन-तीन मिनिटं पुरतात आणि भरलेल्या देशी कणसाला वीस-पंचवीस मिनिटंही लागतात. दोघांना एक वेळ लावली तर एकाचा तरी बळी जातोच.

आता नखाची गोष्ट. कणसाच्या मधल्या भागात एका दाण्यात अंगठ्याचं नख रुतवा. पाण्यासारखा पातळ रस आला तर कणीस अजून भरलेलं नाही. पांढरं दूध उडालं तर ते नेमकं खायच्या अवस्थेत आहे. या दुधाळ दाण्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. नख सहज गेलं पण दुधाऐवजी मळलेल्या कणकेसारखं काही लागलं तर दाणा पिठाळ झाला, पाणी ७० टक्क्यांच्या आसपास उतरलं. आणि नख रुततच नसेल, दाण्याच्या डोक्यावर खळगा पडायला लागला असेल तर ते कणीस उकडायच्या भानगडीत पडू नका, ते दाण्यासाठी झाडावरच राहू द्यायचं होतं. नखाला लागलेला थेंब जिभेवर ठेवा. साखरेसारखा गोड लागला तर स्वीट कॉर्न, गोडसर पण कच्च्या पिठाची चव असली तर देशी.

माझ्या सहा लिटरच्या कुकरमध्ये मी पूर्ण प्रेशरवर लावते त्या वेळा अशा: स्वीट कॉर्न २ ते ३ मिनिटं, दुधाळ देशी १० ते १२, पिठाळ देशी २५. स्वीट कॉर्न जाळीवर, वाफेत. पिठाळ देशी मात्र पाण्यात बुडवून, कारण त्याला बाहेरून पाणी हवं असतं. नुसत्या वाफेवर तो आतून कोरडा, चिवट राहतो. दोन्ही एकाच वेळी खायची असतील तर देशी आधी पूर्ण उकडून घ्या, वाफ जाऊ द्या, मग त्याच्यावर स्वीट कॉर्न ठेवून पुन्हा दोन मिनिटं लावा. आता आमच्याकडे असंच करतो.

स्वीट कॉर्न आणल्या दिवशीच उकडलेलं बरं. जुन्या पद्धतीच्या गोड मक्याची साखर ३० अंशांच्या उष्णतेत एका दिवसात निम्म्याने कमी होऊ शकते. १९५०च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी अतिगोड मक्याचा मार्ग दाखवला, आणि त्या वळणाच्या वाणांत साखर जास्त दिवस टिकते. तरी आपल्या उन्हात हातगाडीवर दिवसभर पडलेलं कणीस कोणत्याही वाणाचं असो, ताज्याची बरोबरी करत नाही. पानं काढलेलं कणीस तर घेऊच नका. घरी आणल्यावर पानांसकट फ्रिजमध्ये.

"किती शिट्या?"

कुणालाही सांगा की मी कणसं इलेक्ट्रिक कुकरमध्ये उकडली, पहिला प्रश्न हाच येतो. या कुकरला शिट्ट्या नसतात आणि शिट्ट्यांचा हिशेब मिनिटांत बसवताही येत नाही. गॅस मोठा असला तर शिट्टी लवकर होते, बारीक असला तर उशिरा. भांडं किती भरलंय त्यावरही ते ठरतं. शिवाय दोन्हीकडची उष्णता वेगळी. गॅसवरच्या कुकरमध्ये शिट्टी उडते तेव्हा आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर ७० किलोपास्कल दाबाच्या जवळपास चालतात, म्हणजे आत साधारण ११५ अंश. फरक पाचच अंशांचा, पण देशी मक्याला तो जाणवतो. गॅसवर ज्याला पंधरा मिनिटं लागायची त्याला इथे वीस द्या. "पाच शिट्ट्या म्हणजे पाच मिनिटं" असं धरून चालणाऱ्यांची देशी कणसं कच्ची राहतात आणि मग कुकरला नावं ठेवली जातात.

लावलेली वेळ आणि खरी वेळ

पडद्यावर तुम्ही ३ मिनिटं लावता, पण ती तीन मिनिटं प्रेशर भरल्यावर, झाकणावरची छोटी पिन वर आल्यावर सुरू होतात. त्याआधीची आठ-दहा मिनिटं कणसं तापतच असतात. स्वीट कॉर्नचं अर्धं काम तिथेच होतं.

इथे आपल्या भागातली एक अडचण येते, जी कुकरच्या पुस्तिकेत कुठेच लिहिलेली नसते. मळ्यातल्या घरात किंवा गावाच्या टोकाला विहिरींच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की दिवे मंद होतात, पंखा हळू फिरतो. हे व्होल्टेज उतरलं की कुकरची ताकद त्या प्रमाणात नाही, त्याच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात उतरते. १००० वॉटचा कुकर २३० व्होल्टला पूर्ण ताकदीने चालतो, पण १८० व्होल्टला तो जेमतेम ६१० वॉटचा राहतो. प्रेशर भरायला दहा मिनिटं लागायची तिथे सतरा-अठरा लागतात आणि तेवढा वेळ स्वीट कॉर्न वाफेत बसून राहतं. मग "काल याच वेळेत छान झालं होतं, आज का गळलं?" असा प्रश्न पडतो.

यावर माझा उपाय साधा आहे. भांड्यात गारऐवजी चांगलं गरम पाणी घालते. प्रेशर निम्म्या वेळात भरतं. दिवे मंद दिसले तर स्वीट कॉर्नला तीनऐवजी एकच मिनिट लावते. देशीला या सगळ्याने काही फरक पडत नाही, त्याला जास्तीचा वेळ चालतो.

मध्येच लाईट गेली तर झाकणाला हात लावू नका. आतली उष्णता बराच वेळ टिकते आणि स्वीट कॉर्न तर बहुतेक त्यातच शिजतं. पिन आपोआप खाली पडली की उघडून पाहा, मग ठरवा. लाईट आल्यावर काही कुकर होते तिथून पुढे चालू होतात, काही शून्यावर येतात. आपला कोणता ते एकदा पाहून ठेवा.

कणसाचे केस

मला सगळ्यात जास्त छळलं ते या केसांनी. एकदा वीस मिनिटं झाली तरी पिन वर येईना. झाकणाच्या एका बाजूने बारीक वाफ सूं सूं करत येत होती. थोड्या वेळाने पाणी आटून करपल्याची सूचना लागली. मी झाकणाची सिलिकॉनची रिंग काढून पाहिली, ठीक होती. पुन्हा बसवली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झाकण उजेडात धरलं तेव्हा रिंगेच्या काठावर एक केस आडवा चिकटलेला दिसला. ओला, जवळपास पारदर्शक, सुईच्या दोऱ्याएवढा. तेवढ्या जागेतून सगळी वाफ जात होती.

म्हणून कणसं सोलायची ती कुकरपासून लांब, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. पानं काढल्यावर ओल्या हाताने शेंड्याकडून देठाकडे चोळलं की केस निघतात, उरलेले जुन्या मऊ टूथब्रशने. कणसं भांड्यात गेली की भांड्याच्या काठावरून आणि रिंगेवरून ओलं फडकं फिरवा. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफ जाण्याच्या छिद्रावर छोटी जाळी असते, तीही काढून पाण्याखाली धरा. तिथे केस अडकले तर वाफ नीट सुटत नाही आणि ते धोक्याचं आहे.

सोलताना शेंडाही नीट बघा. लष्करी अळी आपल्याकडे आल्यापासून देशी कणसाच्या टोकाला ती हमखास सापडते. तेवढा भाग कापून टाकला की बाकीचं कणीस खायला चांगलं असतं.

पिन वर न येण्याची बाकीची कारणं नेहमीचीच: वाफेची कळ उघडी राहिलेली, रिंग एका जागी दुमडलेली किंवा पाणी कमी. सहा लिटरच्या कुकरला किमान एक मोठा कप, २५० मिली, पाणी हवंच. देशी बुडवून उकडताना उलट चूक होते. पाणी आणि कणसं मिळून भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका.

मीठ खालच्या पाण्यात घालणं

कणसं जाळीवर आणि मीठ-हळद खालच्या पाण्यात, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. मीठ तळाशीच राहतं आणि कणीस अळणी. वाफेवरच्या स्वीट कॉर्नला मीठ नंतरच लावायचं. हातगाडीवाले उकडलेली कणसं मिठाच्या गरम पाण्यात ठेवतात, ते फार शहाणपणाचं आहे. एक लिटर कडकडीत पाण्यात दोन चमचे मीठ, त्यात कणसं पाच-दहा मिनिटं. मीठही लागतं आणि दाणेही टपोरे राहतात. बुडवून उकडायच्या देशी मक्याला मात्र सुरुवातीलाच मीठ आणि चिमूटभर हळद घाला. तिथे पाणी दाण्यात जातं, त्यासोबत मीठही.

वाफ सोडताना

स्वीट कॉर्नची वेळ संपली की वाफ लगेच सोडा. प्रेशर आपोआप उतरायची वाट पाहिली तर आणखी पंधरा मिनिटं कणसं आतच शिजत राहतात. कळ हाताने नाही, लांब दांड्याच्या चमच्याने फिरवा आणि कुकर भिंतीच्या कपाटाखाली नको, नाहीतर प्लाय फुगतो. पाण्यात बुडवलेल्या देशी कणसांना मात्र दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग वाफ सोडा, म्हणजे कळीतून पाणी उडत नाही.

बरेच कुकर वेळ संपल्यावर आपणहून गरम ठेवण्याच्या मोडवर जातात. ते बटण बंद करा. "राहू दे गरम, जेवायला बसलो की काढू" म्हणून अर्धा तास आत राहिलेल्या स्वीट कॉर्नच्या दाण्यांना सुरकुत्या पडतात. बाहेर काढून उघड्यावर ठेवलं तरी तेच होतं. मिठाचं पाणी नसेल तर गरम असतानाच तूप किंवा शेंगदाण्याचं तेल चोळा आणि ओल्या फडक्याने झाका. आमच्याकडे तेलातच लसूण-मिरचीचा ठेचा कालवून चोळतात, लिंबू वरून.

बिघडलंच तर

देशी कच्चं राहिलं तर टाकू नका. पाणी कणसाच्या वर येईल एवढं घाला, गरमच, आणि आणखी आठ-दहा मिनिटं लावा. तरीही दाताला लागलं तर दाणे सोलून जाडसर वाटा आणि थालीपिठाच्या पिठात मिसळा. स्वीट कॉर्न गळलं असेल तर सुरीने दाणे उतरवून त्याचं सूप किंवा उपीट करा.

कणसाला काळ्या मसाल्याचा वास येत असेल तर तो रिंगेचा. सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते आणि आपला मसाला काही सौम्य नसतो. गोडाच्या आणि कणसाच्या पदार्थांसाठी वेगळी रिंग ठेवा, साबण कितीही लावला तरी तो वास पूर्ण जात नाही.

आणि भांड्याच्या तळाला पांढरा थर दिसला तर घाबरू नका, तो बोअरच्या जड पाण्यातला क्षार आहे. एक कप पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस घालून उकळा, पाच मिनिटं राहू द्या आणि पुसून घ्या. कणसाची पानं मात्र कचऱ्यात टाकू नका, शेजारी गुरं असतील तर तिकडे द्या.