मशीन मेलं, लायसन्स कुठाय?

वळवाचा पहिला पाऊस झाला की आमच्या दुकानासमोर मेलेल्या मशिनांची रांग लागते. रात्रभर कडकडाट, आणि सकाळी लोक सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळून हजर. नेटची वायर लागते तो पोर्ट करपलेला, मदरबोर्ड खलास. कोल्हापुरात गेली चौदा वर्षं मी हेच काम करतोय. डेटा कसा वाचवायचा हे कुणी ना कुणी शिकवतंच. पण डेटा हातात आला की गिऱ्हाईक दुसरा प्रश्न विचारतं, "आणि ते विंडोज, ऑफिस, टॅली परत चालंल न्हवं?" याचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी पगारातून पैसे भरून शिकलो.

दुकानात लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. शिकवणी घेणाऱ्या एका सरांचा विंडोज सेव्हनचा लॅपटॉप आला. हार्डडिस्क टकटक करत होती, पण अजून चालू होती. मी 'की' दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. की म्हणजे लायसन्सचा नंबर, तो भरून सॉफ्टवेअर पक्कं चालू करायचं, म्हणजे ॲक्टिव्हेट करायचं. पाच-पाचचे पाच गट, पंचवीस अक्षरं स्क्रीनवर आली. ती वहीत उतरवून घेतली आणि जग जिंकल्यासारखा चहा प्यायलो. नवीन डिस्क घातली, डीव्हीडीवरून विंडोज टाकलं, की भरली. की घेतली त्यानं, पण ॲक्टिव्हेशनला ठाम नकार.

कारण नंतर कळलं. त्या काळी कंपनीतून विंडोज भरून आलेल्या मशीनच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, जी की सापडते, ती त्या एका मशीनची नसतेच. उत्पादकानं तीच की हजारो मशिनांत भरलेली असते. बायोसमधली, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममधली, खूण आणि उत्पादकाचं सर्टिफिकेट म्हणून आत ठेवलेली फाईल, दोन्ही जुळलं तरच ती चालते. त्या मशीनची स्वतःची की असते पोटाखालच्या स्टिकरवर, आणि सरांच्या स्टिकरवरचे शेवटचे दोन गट टेबलावर घासून घासून गेलेले. जुन्या डिस्कवर रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे कंपनीचं विंडोज परत टाकायचा राखीव भाग, होतं, पण तोवर डिस्कनं मान टाकली होती. नवीन लायसन्सचे पैसे मालकांनी माझ्या पगारातून कापले. बरोबरच केलं.

तेव्हापासून की शोधायच्या आधी मी एकच गोष्ट बघतो. हे लायसन्स चिकटलंय कशाला? कागदाला, मदरबोर्डला, कुणाच्या ईमेलला, की एखाद्या डबीला?

स्टिकरचं आधी सांगतो, कारण जुनी मशीनं अजून येतात. एक्सपी, व्हिस्टा, सेव्हनच्या काळातला स्टिकर पुसट झाला असेल तर तो ओल्या फडक्यानं पुसू नका, उरलंसुरलंही जाईल. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरा आणि मोबाईलनं वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढा. मग हे लक्षात ठेवा की या कीमध्ये सगळी अक्षरं येत नाहीत. फक्त चोवीस चिन्हं असतात. ए, ई, आय, ओ, यू यांतलं एकही नाही. एल, एन, एस, झेड नाहीत. आकड्यांत ०, १ आणि ५ नाहीत. म्हणजे 'हे ५ आहे की एस?' असा वाद घालत बसू नका, दोन्ही नसतात. गोल दिसतंय ते क्यू, डी किंवा जी असणार. खरा घोळ बी आणि ८ यांचा, आणि जी आणि ६ यांचा. विंडोज एटपासून कीमध्ये एनही यायला लागला, पण तोवर स्टिकरच गेले होते.

२०१२ साली विंडोज एट आलं आणि उत्पादक की थेट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये भरायला लागले. त्यामुळे सगळं उलटं झालं. डिस्क गेली तर चिंता नाही. तीच आवृत्ती परत टाका, होमला होम, प्रोला प्रो. चिपमधली की विंडोज आपली आपण उचलतं. पण वीज पडून मदरबोर्ड गेला तर की त्याच्याबरोबर गेली. अशा कंपनीतून आलेल्या विंडोजचं लायसन्स त्या बोर्डापुरतंच असतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. वॉरंटीत उत्पादकानंच बोर्ड बदलून दिला तर गोष्ट वेगळी.

विंडोज टेनपासून आणखी एक गंमत आहे. बऱ्याच मशिनांत की शोधणारं सॉफ्टवेअर लावलं की प्रो आवृत्तीला ३, व्ही, ६, ६, टी अशा शेवटाची की येते. दुसऱ्या मशीनवर लावा, तीच येते. नवी पोरं खूश होऊन ती लिहून ठेवतात. ती नुसती जागा भरायला घातलेली की आहे, तिच्यावर ॲक्टिव्हेशन होत नाही. खरं लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या हार्डवेअरच्या नावे नोंदलेलं असतं. मशीन चालू असतानाच ते गिऱ्हाइकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवलं असेल आणि विंडोज स्वतंत्र विकत घेतलेलं असेल, तर बोर्ड बदलल्यावर विंडोजच्या सेटिंगमधल्या ट्रबलशूटरमधून हार्डवेअर बदलल्याचं सांगून ते परत मिळवता येतं. ही सोय २०१६ पासून आहे.

मशीन उठतच नसेल पण डिस्क शाबूत असेल, तर ती यूएसबी ॲडॉप्टरनं दुसऱ्या मशीनला लावा. विंडोज फोल्डरात सिस्टिम थर्टीटू, त्यात कॉन्फिग, आणि त्यात 'सॉफ्टवेअर' नावाची फाईल, रजिस्ट्रीतला की असलेला भाग तो हाच. तिला एक्स्टेन्शन नसतं, म्हणून नवीन पोरांच्या नजरेतून ती सुटते. सगळ्यात आधी ती कॉपी करून घ्या. निरसॉफ्टचं प्रोड्यूकी हे फुकट सॉफ्टवेअर बाहेरच्या डिस्कवरचं विंडोजही वाचतं. अँटिव्हायरस त्याच्यावर ओरडतो, कारण की चोरणारेही अशीच हत्यारं वापरतात. त्यांच्या मूळ साईटवरूनच उतरवा. डिस्क टकटक करत असेल तर मात्र आधी लिनक्सवर डीडीरेस्क्यूनं तिची प्रत काढा आणि पुढचे सगळे उद्योग त्या प्रतीवर करा. डिस्क लावल्यावर बिटलॉकरनं, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीनं, ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली तर अंदाज लावत बसू नका. ती बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. मालकाला ते खातं कधी उघडलं तेच आठवत नसतं, हा भाग वेगळा.

ऑफिसचं सोपं सांगतो. २०१० पर्यंतच्या ऑफिसची पूर्ण की रजिस्ट्रीतून निघते. २०१३ पासून फक्त शेवटची पाच अक्षरं मशीनमध्ये राहतात, बाकीची कुठलंही सॉफ्टवेअर आणून देऊ शकत नाही. पण ती पाच अक्षरं फेकू नका. एका करसल्लागारांच्या ऑफिसात सहा मशीनं होती आणि ड्रॉवरमध्ये रबरबँड लावलेली सहा की-कार्डं. कुठलं कुणाचं कुणालाच माहीत नव्हतं. मेलेल्या मशीनच्या डिस्कवरून शेवटची पाच अक्षरं काढली, कार्डांशी ताडून पाहिली, दहा मिनिटांत काम झालं.

टॅलीच्या बाबतीत की शोधणं हा प्रश्नच नाही. एका मशीनवरचं लायसन्स सरेंडर करून दुसऱ्यावर घ्यायचं असतं. मशीनच मेलं तर सरेंडर कोण करणार? मग त्यांच्या पोर्टलवरून लायसन्स रीसेट करावं लागतं, आणि त्याला लागतो नोंदणीचा ईमेल. तो हमखास तीन वर्षांपूर्वी भांडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो. गिऱ्हाइकाला लाज वाटली तरी त्याला फोन करायला लावा.

इंटरनेटवर चार-पाचशे रुपयांत विंडोजची की मिळते. गिऱ्हाईक विचारतं, घालायची का? मी घालत नाही. त्यातल्या बऱ्याच कुठल्या तरी मोठ्या संस्थेच्या घाऊक कराराच्या असतात. आज चालतात, बंद पडल्या की शिव्या आपल्याला.

आता डबीचं. लग्नपत्रिका छापणारे एक काका मे महिन्यात आले, हातात श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरच्या सीडीचा डबा. मशीन विजेनं गेलेलं, नवीन घेतलेलं. सीडी टाकून झाली, पण श्रीलिपी उघडेना. मी विचारलं, "काका, जुन्या मशीनला मागं एक डबी होती काय? बोटाएवढी, प्रिंटरच्या वायरीच्या जागी?"

"होती की. कशाची असती ती?"

"तीच तुमचं लायसन्स. मशीन कुठाय?"

"दुपारी भंगारवाल्याला घातलं."

गाडीला किक मारली. भंगारवाल्याच्या अड्ड्यावर पोचलो तेव्हा कॅबिनेट फोडून झालं होतं, पत्रा एकीकडं, बोर्डांचा ढीग एकीकडं. त्या ढिगात काकांचा करपलेला बोर्ड सापडला, आणि त्याच्या पॅरलल पोर्टला, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या वायरीच्या जागी, दोन्ही स्क्रूंनी आवळलेली ती डबी, म्हणजे डाँगल, तशीच. भंगारवाल्यानं पन्नास मागितले, काकांनी शंभर काढून दिले.

नव्या मशीनला पॅरलल पोर्टच नव्हता. त्या सीझनच्या उरलेल्या पत्रिका काकांनी आमच्या दुकानातल्या एका जुनाट मशीनवर बसून लावल्या.