किनाऱ्यावरच्या दगडातले सूक्ष्म सागरी जीवाश्म कसे ओळखावेत

साताऱ्याच्या काळ्या दगडात सागरी जीवाश्म शोधू नका. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा आहे, समुद्राशी त्याचा संबंध नाही. मी त्यासाठी कुंभार्ली घाट उतरून कोकणात जातो. तिथे काही किनाऱ्यांवर वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्याने सांधून झालेला दगड मिळतो, त्याला करल म्हणतात. सुटा पडलेला मुठीएवढा तुकडा पुरे. खडकाला हातोडा लावू नका.

रात्रभर गोड्या पाण्यात ठेवून मीठ काढा. काचेवर वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासकागद) ठेवून एक बाजू ओलीच घासा, आधी १२० नंबरचा, मग ४००, शेवटी १०००. पाण्याचा थेंब टाकून दहापट भिंगातून, तिरप्या उजेडात बघा.

खरं काम इथून पुढे. ‘व्हिनेगर टाका, फेस आला की जीवाश्म’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. फेस फक्त चुनखडीचं खनिज असल्याचं सांगतो. आपल्या काळ्या दगडातल्या, म्हणजे बेसाल्टमधल्या, वायूच्या पोकळ्याही पुष्कळदा याच खनिजाने, म्हणजे कॅल्साइटने, भरलेल्या असतात. माहुलीच्या नदीपात्रातला पांढऱ्या ठिपक्यांचा एक दगड मी दोन वर्षं जीवाश्म म्हणून जपला होता, तो याच फेसावर विसंबून. शिवाय व्हिनेगर घासलेला भाग खातं आणि नाजूक कवचं आधी जातात. टाकायचंच असेल तर मागच्या बाजूला टाका.

फेस सोडा, कप्पे शोधा. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव. त्यांचं कवच बहुधा एक मिलिमीटरहून लहान असतं आणि त्यात पातळ भिंतींनी वेगळे झालेले, बहुधा क्रमाने मोठे होत गेलेले कप्पे दिसतात. भरलेल्या पोकळीत कप्पे नसतात. कडेकडून आत गेलेल्या सुया किंवा चमकणारे सपाट पैलू असतात. कांद्यासारखी नुसती वलयं म्हणजे चुन्याची पुटं चढलेला वाळूचा कण. चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसली तर तो बहुधा समुद्री साळूचा काटा.

तरीही फसगत होते, कारण आपण कवच बघत नसतो, त्याचा छेद बघत असतो. अळूवडीचा उंडा आडवा कापला की चक्र दिसतं, उभा कापला की नुसत्या पट्ट्या. कवचाचंही तसंच. एकाच जातीची मी तीन नावं लिहून ठेवली होती. म्हणून एका छेदावर निर्णय देऊच नका. भिंगातून फोटो घ्या, १००० च्या कागदावर दहा-बारा हात फिरवा, पुन्हा फोटो घ्या. नंतर काटकोनात दुसरी बाजू घासा. खोल जाताना कप्पे बदलत जातात, पण भिंती कायम राहतात. असं झालं की फोरॅमिनिफेरा म्हणा. जातीचं नाव मात्र घासलेल्या दगडावरून मी देत नाही.

शेवटी किनारा, तारीख आणि भरतीरेषेपासूनचं अंतर चिठ्ठीवर लिहून दगडासोबत ठेवा.