डेमो देताना या चुका टाळा: जादूगाराच्या रंगमंचावरून थेट स्टॉलवर

वस्तू चांगली असते, दरही रास्त असतो, तरी प्रदर्शनातल्या स्टॉलवर गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं, "एक राउंड मारून येतो" म्हणतं आणि परत फिरकत नाही. अशा वेळी दर कमी करायचा विचार आधी येतो. त्याआधी वस्तू दाखवली कशी गेली ते तपासावं. जादूगाराचं पोट दाखवण्यावरच असतं, त्यामुळे लोकांचं लक्ष कुठे जाईल, कधी उडेल आणि बिघाड झाला तर काय करायचं, याचा त्या धंद्यात फार बारकाईने विचार झालेला आहे.

खाली उदाहरणाला घरघंटी घेतली आहे. वॉटर प्युरिफायर किंवा बिलिंग सॉफ्टवेअर विकणाऱ्याला तपशील बदलावे लागतील. चुका बहुतेक त्याच निघतील.

आधीच सांगून टाकणं

"आता बघा, अजिबात आवाज येत नाही!" असं म्हटलं की समोरचा कान टवकारून आवाज शोधू लागतो, आणि तो सापडतोच. काय घडणार हे जादूगार सहसा आधी सांगत नाही. एक तर सांगितल्याबरोबर प्रेक्षक चूक पकडायला बसतात. दुसरं, ठरलेलं घडलं नाही तर वेगळ्या शेवटाकडे वळायला जागा उरत नाही.

त्यापेक्षा घरघंटी चालू करा आणि शेजारी उभं राहून नेहमीच्या आवाजात गिऱ्हाइकाला विचारा, "घरी किती माणसं? महिन्याला दळण किती लागतं?" त्याने उत्तर दिलं आणि तुम्हाला ते ऐकू आलं, म्हणजे आवाजाचा मुद्दा सिद्ध झाला. आवाज खरोखरच मोठा असेल तर हा मुद्दा डेमोत घेऊच नका. कोणी विचारलं तर खरं सांगा.

वैशिष्ट्यं दाखवणं, धास्ती न दाखवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात दोर तुटला तरी लिफ्ट अडवणारा ब्रेक बनवणारे एलिशा ओटिस उघड्या लिफ्टवर उभे राहिले, उंच गेले आणि वरचा दोर कापायला लावला. लिफ्ट थोडी घसरली आणि जागच्या जागी अडकली. लिफ्ट किती वजन उचलते, किती वेगाने जाते, यापेक्षा दोर तुटला तर काय, ही लोकांच्या मनातली धास्ती होती आणि ओटिस यांनी नेमकी तीच दाखवली. १८५७ मध्ये त्यांची प्रवासी लिफ्ट न्यूयॉर्कच्या एका पाच मजली दुकानात बसली.

घरघंटीच्या गिऱ्हाइकाच्या मनात मोटरच्या आकड्यांपेक्षा भलत्याच शंका असतात: घरभर पीठ उडेल का, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतील का, पोराने दार उघडलं तर? तुमच्या मॉडेलला दार उघडताच मोटर बंद करणारा स्विच असेल तर तो तुमचा दोर. चालू घंटीचं दार उघडून दाखवा. मात्र हात आत घालू नका, कारण वीज तुटल्यावरही पाती क्षणभर फिरत राहतात. पिठाच्या शंकेला उत्तर म्हणून घंटीखाली काळं कापड अंथरा आणि दळून झाल्यावर घंटी बाजूला सरकवा. कापडावर थोडंफार पीठ असेलच. ते लपवू नका, "एवढंच पडतं" असं सांगा.

क्रम चुकवणं

नोव्हेंबर २०१९ मध्ये टेस्लाच्या सायबरट्रक या गाडीच्या अनावरणात आधी दारावर घणाचा घाव घातला गेला आणि नंतर काचेवर पोलादी गोळा फेकला. काच फुटली, म्हणून दुसऱ्या काचेवर फेकला, तीही फुटली. घणाच्या दणक्याने काचेचा तळ तडकला होता, गोळा आधी फेकायला हवा होता, असा खुलासा इलॉन मस्क यांनी नंतर केला. एका प्रयोगाचा ताण पुढच्या प्रयोगातल्या भागावर गेला की असं होतं. आणि एकदा फसलेला प्रयोग तिथल्या तिथे पुन्हा करणं ही त्यावरची वरकड चूक.

क्रम लावताना दोन गोष्टी बघायच्या. यंत्र तापवणारा किंवा घाण करणारा प्रयोग शेवटी किंवा दुसऱ्या नगावर घ्या. घंटीत आधी डाळ दळली आणि न झाडता गहू टाकला, तर गव्हाच्या पिठात बेसनाचा वास येणारच. दुसरं म्हणजे, जादूगार दोन नंबरचा जोरदार प्रयोग सुरुवातीला ठेवतो आणि सर्वात जोरदार शेवटी. सुरुवातीचा प्रयोग दोन मिनिटांत संपला पाहिजे, कारण स्टॉलसमोर थबकलेल्या माणसाचा एक पाय अजून पुढच्या स्टॉलकडे असतो. म्हणून आधी दळण, शेवटी दाराचा स्विच.

मधला रिकामा वेळ

एक एचपीची घरघंटी साधारणपणे ताशी सात-आठ किलो गहू दळते. म्हणजे अर्ध्या किलोला चार मिनिटं. चार मिनिटं घरघर ऐकत कोण उभं राहणार? पाव किलो घ्या, दोन मिनिटांत काम होतं. त्या दोन मिनिटांत काय बोलायचं ते आधी लिहून काढा: जाळी कशी बदलतात, भाकरीच्या पिठाला कुठली आणि रव्याला कुठली, विजेचा खर्च किती. वीज मोजून सांगा: एक एचपी म्हणजे सुमारे पाऊण किलोवॉट, तासभर चालवली तर पाऊण ते एक युनिट.

बोलताना नजर गिऱ्हाइकाकडे ठेवा. जादूगार जिकडे बघतो तिकडे प्रेक्षक बघतात. तुम्ही कोपऱ्यातल्या वायरकडे बघत राहिलात तर गिऱ्हाईकही वायरच बघेल.

टेबलावर पसारा

फ्रेंच जादूगार रॉबेर-हूदां मूळचे घड्याळजी. १८४५ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये आपलं थिएटर काढलं तेव्हा जमिनीपर्यंत लोंबणारे टेबलक्लॉथ आणि चकचकीत साहित्याचे ढीग काढून टाकले आणि त्या काळच्या साध्या संध्याकाळच्या पोशाखात प्रयोग केले. झाकलेलं टेबल दिसलं की खाली कोणीतरी दडलंय असा संशय येतो, हे त्यांनी ओळखलं होतं. स्टॉलवर एका वेळी एकच मॉडेल चालू ठेवा, बाकीची मागे. सात मॉडेल ओळीने मांडली की गिऱ्हाईक तुलना करत बसतं आणि पत्रक घेऊन निघून जातं.

पळवाट न ठेवणं

जून २०१० मध्ये आयफोन ४ च्या सादरीकरणात स्टीव्ह जॉब्स यांच्या फोनवर पानं उघडेनात. सभागृहात ५७० वायफाय बेस स्टेशनं (नेट पुरवणारी उपकरणं) चालू आहेत असं सांगून त्यांना प्रेक्षकांना ती बंद करायची विनंती करावी लागली. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स या संगणक प्रदर्शनात विंडोज ९८ ला स्कॅनर जोडताच बिघाडाचा निळा पडदा आला. "म्हणूनच आम्ही ते अजून बाजारात आणलेलं नाही" अशा अर्थाचं काहीतरी म्हणून बिल गेट्स यांनी हशा मिळवला. विनोदाने वेळ मारून नेता येते, ऑर्डर मात्र मिळत नाही.

स्टेजवर बिघाड दुरुस्त करायचा नाही, हा जादूगारांचा जुना शिरस्ता. वीस सेकंदांत जमलं नाही तर दुसरीकडे वळायचं. त्यासाठी आधी तयारी लागते:

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही: बहुतेकदा व्होल्टेज पडलेलं असतं. लगेच बंद करा, नाहीतर मोटरच्या आतल्या तारेची गुंडाळी (वाइंडिंग) जळेल. प्रदर्शनातली लांब, बारीक एक्स्टेन्शन याला कारणीभूत असते. स्वतःची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर न्या आणि रिळावरून पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली वायर तापते.

पीठ येईना: धान्य ओलसर आहे, जाळी चोंदली. म्हणून डेमोचं धान्य आदल्या दिवशी उन्हात वाळवून हवाबंद डब्यात आणा. मोकळी जाळी बसवलेला दुसरा नग तयार असेल तर उत्तमच.

नेट गेलं (सॉफ्टवेअरवाल्यांसाठी): नेटशिवाय चालणारी प्रत, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ आणि छापील बिलाचा नमुना. आयोजकांच्या वायफायवर कधीच विसंबू नका.

प्रेक्षकाला चुकीच्या रीतीने बोलावणं

सर्वात मोठ्याने "मी येतो" म्हणणाऱ्याला अनुभवी जादूगार शक्यतो टाळतो, कारण त्याला स्वतःचाच खेळ दाखवायचा असतो. शांतपणे बघणारी, मान डोलावणारी व्यक्ती निवडावी. एका वेळी एकच सूचना द्या: "ताई, हे धान्य वरून ओता." ओतून झालं की पुढची. आणि त्यांना घंटीच्या बाजूला उभं करा, समोर केलंत तर मागच्या दहा जणांना पाठ दिसेल.

कोणीतरी "शेंगदाणे दळून दाखवा" म्हणणारच. तेलबिया बहुतेक घरघंट्यांत चालत नाहीत, जाळीवर लगदा बसतो. सरळ नाही म्हणा. आणि प्रश्न यायच्या आधीच गहू, ज्वारी, तांदूळ आणि हरभरा डाळ असे चार डबे पुढे ठेवून "यातलं कुठलं दळू?" विचारा. जादूगार प्रेक्षकाला पत्ता "निवडायला" लावतो तेव्हा कधी कधी तो आधीच ठरलेला असतो. इथे निवड खरी आहे, फक्त चारही डबे तुम्ही आधी दळून पाहिलेले आहेत.

सामानाची देखभाल

चुंग लिंग सू या नावाने खेळ करणारे अमेरिकन जादूगार विल्यम रॉबिन्सन २३ मार्च १९१८ रोजी लंडनच्या वुड ग्रीन एम्पायरमध्ये बंदुकीची गोळी झेलण्याचा प्रयोग करताना जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी गेले. खास बनवलेल्या बंदुकीची झीज झाली होती. जी नळी उडायला नको होती ती उडाली. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला प्रयोग होता तो. स्टॉलवरची घंटी दिवसभरात चाळीस-पन्नास वेळा चालू-बंद होते, घरात एवढी कधीच होत नाही. दर दहा-बारा डेमोंनंतर प्लग काढून जाळी झाडा, दाराचा स्विच तपासा, मोटरला हात लावून बघा.

टाळीनंतर बोलत राहणं

प्रयोग संपला की जादूगार हात खाली सोडतो आणि स्तब्ध उभा राहतो. ती टाळ्यांची जागा. विक्रेता नेमका तिथे अकरावं वैशिष्ट्य सांगू लागतो. दार उघडलं, घंटी थांबली की तीन सेकंद गप्प राहा. पीठ गिऱ्हाइकाच्या बोटांत द्या. पहिला प्रश्न त्याला विचारू द्या. तो बहुतेक किमतीचा किंवा डिलिव्हरीचा असतो.

९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या 'पॅनोरमा' या टीव्ही कार्यक्रमात जादूगार पी. सी. सरकार यांनी सहायक मुलीला करवतीने कापलं, ती उठेना, आणि तेवढ्यात वेळ संपल्याचं सांगून कार्यक्रम आवरला गेला. घाबरलेल्या प्रेक्षकांच्या फोननी बीबीसीच्या लाइन जाम झाल्या. सरकार यांचे लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमधले खेळ मग हाउसफुल गेले. धक्क्याची चर्चा सगळे करतात, पण तिकीट काढायला थिएटर होतं हे विसरतात. तुमचं पावती पुस्तक, क्यूआर कोड आणि डिलिव्हरीची तारीख हाताशी नसेल, तर डेमो रंगूनही ऑर्डर शेजारच्या स्टॉलवर जाईल.

काय लपवायचं, यात गल्लत

फसवणूक होणार हे कबूल करूनच प्रेक्षक तिकीट काढतो. गिऱ्हाइकाने तसं काही कबूल केलेलं नसतं. धान्य आधी वाळवणं, क्रम लावणं, दुसरा नग तयार ठेवणं ही तयारी आहे, ती सांगत बसायची गरज नाही. मात्र दुसऱ्या, महागड्या यंत्रावर दळलेलं पीठ स्वतःच्या घंटीचं म्हणून दाखवणं ही लबाडी, आणि ती पत्रकात किंवा जाहिरातीत गेली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शंका आली तर स्वतःला एवढंच विचारा: गिऱ्हाइकाने घरी नेऊन हाच प्रयोग, हेच धान्य घेऊन केला, तर तेच पीठ पडेल का?