लिनक्स बोर्डावरची पिन आणि आगरातला पंप

रत्नागिरीजवळच्या एका आगरात टाकीतील पाण्याच्या पातळीनुसार विहिरीवरचा पंप चालू-बंद करण्याचे काम मी रास्पबेरी पाय 4 या लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या संगणक-बोर्डावर केले. डिप्लोमा किंवा आयटीआय करून या क्षेत्रात येणाऱ्यांनी त्यासाठी सिसएफएसची (फाइलींत आकडे लिहून पिन चालवण्याची) जुनी पद्धत शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'एक्स्पोर्ट' फाइलमध्ये क्रमांक लिहायचा आणि 'व्हॅल्यू'मध्ये 0 किंवा 1, हे सोपे दिसते खरे. परंतु कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) ती पद्धत केव्हाच कालबाह्य ठरवली आहे आणि तिच्यातील क्रमांकही कायम राहत नाहीत. याच बोर्डावर पूर्वी 17 असलेली लाइन (कर्नल पिनला लाइन म्हणतो) 6.6 कर्नलात 529 होते. (हेडरवर, म्हणजे बोर्डावरच्या पिनांच्या रांगेत, ती अकराव्या पिनवर येते, हा घोळ वेगळाच.)

2016 मधील लिनक्स 4.8 पासून जीपीआयओ चिप (या इनपुट-आउटपुट पिना सांभाळणारा भाग) कॅरेक्टर डिव्हाइस, म्हणजे /dev मधील एक फाइल, म्हणून दिसते आणि लिबजीपीआयओडी ही लायब्ररी वापरून तिच्यावरील लाइन मागून घ्यावी लागते. लाइन ज्या प्रोग्रामने मागितली त्याच्याच ताब्यात राहते. तो संपला की पिनची स्थिती टिकेल याची हमी नसते, म्हणून पंपासाठी लाइन सतत धरून ठेवणारी सिस्टिमडी सेवाच (पार्श्वभूमीत चालत राहणारा प्रोग्राम) लिहावी. मागताना नाव दिले, तर जीपीआयओइन्फो ही आज्ञा चालवल्यावर लाइन कोणाकडे आहे ते लगेच कळते.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते, त्यामुळे बोर्ड सुरू होताना पिन कशी असते हे महत्त्वाचे ठरते. या बोर्डावर 0 ते 8 या लाइनींना सुरुवातीला पुल-अप (पिन 1 कडे ओढणारा रोधक) असतो आणि 9 ते 27 यांना पुल-डाउन (0 कडे ओढणारा). बोर्ड सुरू होताना पंप बंदच राहावा म्हणून ट्रान्झिस्टरमार्फत चालणारा रिले (पंपाचा विजेवर चालणारा स्विच) मी 17 वर घेतला. पिन 3.3 व्होल्टची आहे, तिला 5 व्होल्ट देऊ नयेत, आणि रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड हवाच.

टाकीतील पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच पुल-अप लावून ग्राउंडकडे जोडावा आणि पाणी कमी झाल्यावर तो मिटेल (सर्किट जोडेल) असा बसवावा. खाऱ्या हवेने टर्मिनल गंजून वायर सुटली, तर इनपुट 1 वाचले जाते. त्याचा अर्थ प्रोग्राममध्ये 'टाकी भरली' असाच ठेवला, की पंप बंद राहतो.