पेटीतील जुनी पुस्तके : घराच्या वाचनाची नोंदवही कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील बहुतेक जुन्या मराठी घरांत माळ्यावर किंवा देवघराशेजारी एखादी पत्र्याची पेटी असते आणि तिच्यात तीन-चार पिढ्यांची पुस्तके एकावर एक पडलेली असतात. घर उतरवून नवे बांधताना किंवा भावाभावांच्या वाटण्या होताना ही पेटी रद्दीवाल्याकडे जाते. पुस्तके गेल्याचे दुःख असतेच, परंतु त्याहून मोठे नुकसान असे की त्या घरात कोण, केव्हा आणि कशा रीतीने वाचत होते, आणि ती रीत कशामुळे बदलली, याचा पुरावाच नाहीसा होतो. छापील पुस्तकाची दुसरी प्रत एखाद्या ग्रंथालयात सापडू शकते. आपल्या घरातील प्रतीवर उमटलेल्या खुणा मात्र दुसरीकडे कोठेही मिळत नाहीत. म्हणून पेटी रिकामी करण्यापूर्वी तिची नोंदवही करावी. त्यासाठी एक जाड वही, शिसपेन्सिल, मोबाईल आणि घरातील एखादे वडीलधारे माणूस एवढे पुरते.

पेटी उघडल्यावर लगेच झाडझूड करू नये. पुस्तके ज्या क्रमाने ठेवलेली आहेत त्याच क्रमाने वरून छायाचित्रे घ्यावीत, कारण कोणते पुस्तक कशाजवळ ठेवले होते यालाही अर्थ असतो. पोथ्यांच्या रुमालात हिशेबाचे मोडी कागद सापडतात, पंचांगात जन्माच्या वेळा टिपलेल्या असतात, दिवाळी अंकात कोणाचे तरी पत्र घडी घालून ठेवलेले असते. असा प्रत्येक कागद ज्या पानात सापडला त्या पानाचा क्रमांक वहीत लिहूनच तो बाजूला काढावा.

पुस्तकाच्या रूपावरून वर्गवारी

विषयानुसार ढीग करण्याचा मोह होतो, परंतु पहिली वर्गवारी पुस्तकाच्या रूपावरून करावी. पुस्तक हातात कसे धरले जात होते हे त्याच्या रूपावरून कळते, आणि त्यावरून ते एकट्याने वाचायचे होते की चारचौघांना ऐकवायचे होते, याचाही अंदाज बांधता येतो.

हस्तलिखित पोथी आडवी असते, तिची पाने सुटी असतात आणि ती कापडी रुमालात बांधलेली असते. ओव्या एकामागून एक सलग लिहिलेल्या असतात, कारण वाचणाऱ्याला त्या चालीवर येत असत आणि डोळ्यांना वेगळ्या ओळींची गरज नसे. त्यानंतर शिळाछापाच्या पोथ्या येतात. दगडावर उमटवून छापलेली ही अक्षरे हाताने लिहिल्यासारखी दिसतात आणि एकाच पानावरील दोन ‘क’सुद्धा तंतोतंत सारखे नसतात. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले, त्यानंतर ही पद्धत पुष्कळ वर्षे चालली. पुढे खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईचा जम बसला. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९चा. खिळ्यांनी छापलेले पान ओळखण्यासाठी पानाच्या मागील बाजूवरून बोट हळूच फिरवावे. अक्षरांचा दाब बोटाला लागतो. अलीकडच्या ऑफसेट छपाईत पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते.

येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. छपाई आली तरी पोथीने आपले आडवे, सुट्या पानांचे रूप लगेच सोडले नाही. शिवलीलामृत, हरिविजय, गुरुचरित्र हे ग्रंथ छापील असूनही कित्येक वर्षे पोथीच्याच आकारात निघत राहिले, कारण ते घेणाऱ्याची बसण्याची आणि वाचण्याची पद्धत बदललेली नव्हती. समोर पाट, त्यावर पोथी, वाचणारा एक आणि ऐकणारे घरभर, अशी ती पद्धत होती. पुस्तकाचे रूप आधी बदलते आणि वाचनाची सवय त्याच्या मागून येते असे आपण समजतो. पेट्या पाहताना मला मात्र पुष्कळदा याच्या उलट आढळले आहे, आणि म्हणूनच रूपाची नोंद आधी करावी असा माझा आग्रह आहे.

बांधीव कादंबऱ्या, मासिके, शालेय पुस्तके आणि वाचनालयातून आणून परत करावयाची राहिलेली पुस्तके यांचे वेगळे ढीग करावेत. मासिकांत दिवाळी अंक निराळे काढावेत. ‘मनोरंजन’चा १९०९चा दिवाळी अंक ही त्या प्रथेची सुरुवात मानली जाते. घरी एकच अंक येई आणि तो आळीपाळीने सगळे वाचत. मुखपृष्ठावर शेजाऱ्यांची नावे पेन्सिलीने लिहिलेली आढळली, तर तो अंक कोणकोणत्या घरी फिरला हे त्यावरून समजते. झेरॉक्स प्रतींचाही एक ढीग असू द्यावा. त्या टाकाऊ वाटतात, परंतु दुकानात न मिळणारे पुस्तक कोणी तरी गरजेने मिळवले होते, याची ती खूण असते.

साल कसे ठरवावे

मुखपृष्ठ फाटलेले असले तरी साल ठरवता येते आणि आपल्या भागात तर ते अधिक नेमके ठरते. आधी शक पाहावा. ‘शके १८०५’ असे छापले असेल तर त्यात ७८ मिळवून १८८३ साल येते. वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणजे साधारण पौष ते फाल्गुन या काळात, ७९ मिळवावे लागण्याची शक्यता असते. शक नसेल तर किंमत पाहावी. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा एप्रिल १९५७च्या आधीचे, ‘नये पैसे’ असे असेल तर १९५७ ते १९६४च्या दरम्यानचे. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती छपाई १५ ऑगस्ट १९७२नंतरची. लेखनपद्धतीही साहाय्य करते. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ असे अनुच्चारित अनुस्वार सर्वत्र असतील तर पुस्तक बहुधा १९६२च्या नव्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे असते, मात्र जुन्या पुस्तकाच्या पुनर्मुद्रणात ते तसेच राहिलेले असू शकतात.

सीमाभागातील सर्वांत चांगला पुरावा शिक्क्यांचा. शाळेचा, वाचनालयाचा, पुस्तक विक्रेत्याचा किंवा टपालाचा जो शिक्का असेल तो भिंग लावून वाचावा. ‘जि. बेळगांव, मुंबई इलाखा’ किंवा ‘मुंबई राज्य’ असे असेल तर शिक्का १ नोव्हेंबर १९५६च्या राज्य पुनर्रचनेपूर्वीचा. ‘म्हैसूर राज्य’ असेल तर तो १९५६ ते १९७३ या काळातला, आणि ‘कर्नाटक’ असेल तर १ नोव्हेंबर १९७३नंतरचा. ‘बेळगावी’ हे अधिकृत रूप २०१४पासूनचे. आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळे तिकडच्या जुन्या पुस्तकावर ‘जि. बेळगांव’ आढळले तर गोंधळून जाऊ नये. शहापूर हे आज बेळगाव शहराचाच भाग असले तरी संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत ते सांगली संस्थानात होते, आणि शहापूरच्या पुस्तकांवर तसा उल्लेख मिळू शकतो. शिक्का मारणारे हात आणि वाचणारी माणसे तीच राहिली, राज्याचे नाव मात्र त्यांच्या डोक्यावरून बदलत गेले. त्याच काळात शाळेची पुस्तकेही बदलली. मुंबई राज्याच्या क्रमिक पुस्तकांनंतर त्याच घरात पुढच्या भावंडांची कन्नड अंकलिपी दिसू लागते. ती मराठी पुस्तकांच्या ढिगातून वेगळी काढून टाकू नये. तीही त्याच वहीत, त्याच आस्थेने नोंदवावी. घर दोन भाषांत वाचू लागले ही त्या घराच्या वाचनातील मोठी घटना आहे.

वाचनाच्या खुणा

पुस्तकाचे साल कळले की ते कसे वाचले गेले याकडे वळावे. प्रत्येक पुस्तक मिटलेले असताना त्याची कड बाजूने पाहावी. शिवलीलामृताची एखादी वापरातील प्रत पाहिली तर अकराव्या अध्यायाची पाने कडेला काळपट आणि मऊ झालेली दिसतात, कारण तो अध्याय अनेक घरांत नित्य वाचला जाई. बाकीची पाने त्यामानाने कोरी राहिलेली असतात. त्या काळ्या पट्टीजवळ हळदीकुंकवाचे बोट, समईच्या तेलाचा थेंब, कधी तांदळाचा दाणा सापडतो. हे डाग पुसू नयेत. ‘अध्याय ११, कड काळी, तेलाचे डाग, हळद’ एवढी नोंद पुरेशी आहे. गुरुचरित्राच्या प्रतीत सात दिवसांच्या पारायणाच्या खुणा म्हणून कागदाच्या चिठ्ठ्या किंवा दोरे घातलेले असतात आणि शेवटच्या पानावर सप्ताह पूर्ण झाल्याच्या तिथी लिहिलेल्या असतात. त्या तिथी जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात.

ज्ञानेश्वरीची प्रत असेल तर तिच्या अक्षरांचा आकार नोंदवावा. आपल्याकडे गावोगावच्या सप्ताहांत व्यासपीठावरील मुख्य वाचकाच्या मागोमाग मंडपातील सर्वजण आपापली प्रत समोर ठेवून एका सुरात वाचतात. ऐकणाऱ्याच्या हातातही पुस्तक आले, पण वाचन सामुदायिकच राहिले. पोथी आणि कादंबरी यांच्या मधली ही अवस्था फार मोलाची आहे आणि ती पुस्तकांच्या इतिहासात क्वचितच लिहिली जाते. मोठ्या टाइपातील, जाड कागदाची, पिशवीत घालून नेण्याजोगी प्रत या वाचनासाठीच घेतलेली असते.

कादंबऱ्यांवरील खुणा निराळ्या असतात. तेथे कोपरे दुमडलेले असतात, आत बसचे तिकीट असते, आणि पुष्कळदा वाचनालयाची चिठ्ठी असते. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झालेले आहे, आणि त्याच्यासारख्या संस्थांनी वर्गणी भरून घरी पुस्तक नेण्याची सवय या भागात रुजवली. चिठ्ठीवरील परतीच्या तारखा पाहाव्यात. एकाच पुस्तकावर तारखांची रांग दाटीवाटीने असेल आणि पुढे ती विरळ होत जाऊन थांबली असेल, तर त्या पुस्तकाची मागणी कधी ओसरली हे कळते. चिठ्ठीवर सभासदांची नावे असतील तर ती मात्र नोंदवहीत उतरवू नयेत.

माणसांना काय विचारावे

‘तुम्ही पूर्वी काय वाचत होता?’ या प्रश्नाला बहुधा ‘काय वाचणार, कामातच दिवस जायचा’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी प्रत्यक्ष पुस्तक त्यांच्या हातात द्यावे आणि साधे विचारावे : आज्जी, ही पोथी कोण वाचायचे? संध्याकाळी की सकाळी? सोप्यात की माजघरात? शेजारच्या कोण कोण यायच्या? पुस्तक हातात आले की आठवणी येऊ लागतात. स्वतः अक्षरओळख नसलेल्या पुष्कळ बायकांना अध्यायच्या अध्याय पाठ असतात, आणि ते ऐकून पाठ झालेले असतात. अशा आज्जींची नोंद ‘अशिक्षित’ अशी करू नये. त्या त्या घरातील उत्तम वाचक होत्या, केवळ त्यांचे वाचन कानांनी होत असे. परवानगी घेऊन त्यांचा आवाज मोबाईलवर मुद्रित करावा आणि ध्वनिफितीचे नाव वहीतील पुस्तकाच्या क्रमांकासमोर लिहावे.

शेवटी घरातील मुलांनाही हेच प्रश्न विचारावेत. मोबाईलवर ती काय वाचतात, कोणत्या लिपीत वाचतात, इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकत असतील तर मराठी मजकूर वाचण्याऐवजी ऐकणे पसंत करतात का, हे कोणताही दोष न देता लिहून घ्यावे. ध्वनिपुस्तके ऐकणारी नात आणि पोथी ऐकणारी पणजी यांची नोंद एकाच वहीत असली तरच ती वही पूर्ण म्हणता येईल.

सांभाळणे आणि प्रती काढणे

आपल्या भागातील पावसाळा लांब असतो आणि खानापूरकडे तर भिंतीच ओल धरतात, म्हणून ही सर्व कामे दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत करावीत. पुस्तके कडक उन्हात न घालता सावलीत वाऱ्यावर उघडून ठेवावीत आणि मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढावी. कसर लागलेली पुस्तके बाकीच्यांपासून लगेच वेगळी करावीत. पेटी जमिनीला आणि बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. आत सुती कापड घालावे आणि वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्यास आतली ओल कोंडते आणि बुरशी येते. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडून कागद खातो; लॅमिनेशन तर कधीही करू नये. सुटी पाने स्वच्छ कागदाच्या घडीत ठेवणे पुरेसे आहे.

छायाचित्रे सकाळच्या सावलीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पुस्तकाच्या बरोबर वरून घ्यावीत. जुना कणा मोडेल इतके पुस्तक उघडू नये. त्यापेक्षा एकेक बाजू टेकवून पान घ्यावे. शिक्के, चिठ्ठ्या, हस्ताक्षर आणि डाग यांची छायाचित्रे वेगळी काढावीत. प्रत्येक छायाचित्राला वहीतील क्रमांक आणि पानाचा क्रमांक द्यावा, नाहीतर वर्षभरात कोणते पान कशातले हे कळेनासे होते. संपूर्ण पुस्तक इंटरनेटवर ठेवायचे असेल तर लेखकाच्या मृत्यूचे साल आधी पाहावे. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. हक्क संपलेली मराठी पुस्तके विकिस्रोत या इंटरनेटवरील मुक्त ग्रंथालयात चढवता येतात आणि सर्वांना उपयोगी पडतात.

वही पूर्ण झाल्यावर तिच्या तीन प्रती कराव्यात : एक पेटीत, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे आणि एक गावातील वाचनालयात. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. तेथे अशा दोन-चार घरांच्या वह्या शेजारी मांडल्या, तर एका घराची हरवलेली कडी दुसऱ्या घराच्या नोंदीत सापडण्याचा मोठा संभव आहे. पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने वहीचा क्रमांक आणि ती कोठे ठेवली आहे याची चिठ्ठी दोऱ्याने बांधावी, म्हणजे पुढे घर उतरवताना पेटी ज्याच्या हाती लागेल त्याला ते आधी वाचता येईल.