ओढलं की हलणारी बाहुली: चाकांचं खेळणं घरी कसं डिझाइन करायचं

दोरीने ओढलं की चाकं फिरतात आणि वरची बाहुली टुणटुण उड्या मारते किंवा पक्षी पंख फडफडवतो, अशा खेळण्यांना मोटर लागत नाही, सेल लागत नाही, चावी पण नाही. सगळी ताकद जमिनीला टेकलेल्या चाकातूनच येते. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी याच तत्त्वावर अख्खी गाडी चालायची, चाकाला दातेरी चक्रं जोडलेली आणि ठरावीक अंतर कापलं की वरचा लाकडी माणूस ढोल वाजवायचा, म्हणजे ते अंतर मोजायचं यंत्रच होतं. आपल्याला दातेरी चक्रंसुद्धा नकोत, एक आस (दोन चाकांना जोडणारी दांडी) आणि तिच्यावर एक कॅम (मध्य सोडून भोक पाडलेली चकती) एवढं पुरे.

सुरुवात हालचालीपासून करा, चित्रापासून नाही. बरेच जण आधी छान हत्ती काढतात आणि मग त्याच्यात यंत्र कसं कोंबायचं याचा विचार करतात, तिथेच गाडी अडते. आधी ठरवा की काय हलणार: वर-खाली, गोल फिरणं की हात मागेपुढे. आणि पहिल्या खेळण्यात एकच हालचाल ठेवा, खरंच, तीन हालचाली एकत्र केल्या तर बघणाऱ्याला एकही धड दिसत नाही.

आता चाक. माझ्या मते डिझाइनमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे आणि यावरच सगळ्यात कमी विचार होतो. समजा खेळणं सेकंदाला ६० सेंमी सरकतंय. ६० मिमी व्यासाच्या चाकाचा परीघ साधारण १८८ मिमी, म्हणजे ते सेकंदात तीनपेक्षा जास्त फेरे मारणार आणि बाहुली इतक्या वेगात थरथरणार की उडी अशी दिसणारच नाही. तेच चाक १०० मिमीचं घेतलं तर परीघ ३१४ मिमी, फेरे जेमतेम दोन, आणि उडी उडीसारखी दिसते. शिवाय मोठ्या चाकाखाली कॅमला जागा मिळते. ४० मिमी व्यासाची चकती घेऊन तिचं भोक मध्यापासून ८ मिमी सरकवलं तर तिची लांब बाजू आसापासून २८ मिमी खाली जाते. ६० मिमीच्या चाकात आसापासून जमीन ३० मिमीवर, म्हणजे कॅम जवळजवळ फरशीला घासतोय. १०० मिमीच्या चाकात २२ मिमी मोकळी जागा उरते.

चाकं आसावर घट्ट बसवायची, आस चाकासोबत फिरली पाहिजे. साध्या खेळण्यातल्या गाडीत चाक आसावर सुटं फिरतं, इथे नेमकं उलटं आहे आणि हे चुकलं तर बाकी सगळं बरोबर असून बाहुली हलणार नाही. ६ मिमीची लाकडी दांडी असेल तर बाजूच्या फळ्यांना साडेसहा ते ७ मिमी भोक पाडा. दोन्ही चाकं चिकटवली की वळताना एक थोडं घसरतं, ते चालतं. चाकाच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली तर गुळगुळीत फरशीवरही पकड मिळते. दुसऱ्या आसाची चाकं सुटी ठेवा, तिथे काही काम नाही.

वर-खाली हालचालीसाठी कॅम म्हणजे वर सांगितलेली तीच मध्य सोडून भोक पाडलेली चकती. ८ मिमी सरकवलं तर बाहुली त्याच्या दुप्पट, १६ मिमी उचलली जाते, छोट्या खेळण्याला भरपूर झालं. कॅमवर टेकणाऱ्या उभ्या दांडीच्या तळाला एक सपाट लाकडी चकती लावा आणि दांडी वरच्या फळीतल्या भोकातून बाहेर काढून तिच्यावर बाहुली बसवा. फळी पातळ असेल तर दांडी तिरकी होऊन अडकते, म्हणून खालून एक ठोकळा चिकटवून भोकाची खोली दांडीच्या जाडीच्या निदान तिप्पट करा. बाहुली स्वतःच्या वजनाने खाली येते, स्प्रिंग नको.

इथे एक मस्त गोष्ट करता येते. कॅम दांडीच्या बरोबर खाली न ठेवता थोडा बाजूला सरकवा, म्हणजे तो तळाच्या चकतीला एका बाजूला घासत जातो आणि बाहुली उडी मारता मारता स्वतःभोवती गिरकी पण घेते. एकाच चकतीत दोन हालचाली! दांडीच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅम उलट्या दिशेला लावला तर बाहुली एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळते.

काही जण एका बाजूने हळू चढणारा आणि मग एकदम कडा तुटलेला कॅम करतात, बाहुली धप्पकन खाली पडते आणि मजा येते खरी, पण असं खेळणं मागे ढकललं की दांडी त्या कड्याला अडकते आणि मुलं तर ते मागे ढकलणारच. म्हणून मी दोन्हीकडचे उतार सौम्य ठेवायला सांगेन.

हात किंवा पंख हलवायचे असतील तर कॅमऐवजी क्रँक घ्या, म्हणजे जाड तारेचीच आस करून तिला मध्ये कोनात वाकवायचं आणि तिथून दुसऱ्या तारेने हात ओढायचा. क्रँकचा बाक, म्हणजे वाकवलेला भाग आसाच्या रेषेपासून जितका बाहेर आहे ते अंतर, ७ मिमी आणि ओढायची तार खांद्यापासून १५ मिमीवर बांधली तर हात मधल्या जागेपासून वर आणि खाली प्रत्येकी साधारण २८ अंश हलतो. बाक खांद्यापासूनच्या त्या अंतरापेक्षा कमीच हवा, नाहीतर हात टोकाला जाऊन लॉक होतो.

दोन बाहुल्या असतील तर त्यांचे कॅम एकमेकांच्या उलट, १८० अंशात लावा. एक वर जाताना दुसरी खाली, दिसायला छान आणि चाकावरचा भारही वाटला जातो.

लाकूड कापायच्या आधी हे सगळं जाड पुठ्ठ्यात करून बघा. चाक फिरायच्या ऐवजी नुसतं घसटत असेल तर बाहुली जड आहे, दांडी भोकात घट्ट आहे किंवा त्या आसावर पुरेसं वजन नाही. आधी दांडी बघा, बहुतेक वेळा तीच असते. तिला पॉलिश पेपर मारा आणि मेणबत्तीचं मेण घासा, रंग मात्र दांडीला आणि भोकाला अजिबात लावू नका. जोडताना कॅम आसात आधी ओवायचा आणि मग दुसरं चाक, नाहीतर परत सगळं उपटावं लागतं. कॅम नीट जागेवर आल्यावरच गोंद लावा.

लहान मुलांसाठी असेल तर हलणाऱ्या भागांमधली फट एकतर ५ मिमीपेक्षा कमी किंवा १२ मिमीपेक्षा जास्त ठेवा, मधल्या मापात बोट जातं आणि चिमटतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटून हातात येईल असा बारीक तुकडा नकोच, तपासणीसाठी जे नळकांडं वापरतात त्याचा व्यास ३१.७ मिमी असतो, त्यात मावणारी वस्तू घशात अडकू शकते. दोरी आखूड आणि टोकाला फास नसलेली हवी, किंवा सरळ ढकलायची काठीच लावा.