पैशाची भीती आधी ओळखा, हिशेब नंतर मांडा

बँकेत सहा लाखांची ठेव असताना दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे जायला कचरणारा माणूस आणि खात्यात चार हजार उरलेले असताना चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, उसने आणून फटाके उडवणारा माणूस गोव्यात एकाच वाड्यावर राहतात. बेरीज-वजाबाकी दोघांनाही येते. खर्चाची वही, मोबाईलवरचं ॲप, थोरल्या भावाचा सल्ला यांतलं काहीच त्यांना पुरत नाही, कारण पैसा हातात आला किंवा हातातून गेला की मनात जे उठतं ते दोघांनीही कधी नीट पाहिलेलं नसतं. ते पाहायचं कसं आणि पाहिल्यावर काय करायचं, ते क्रमाने सांगतो. सर्वांत जास्त वेळ पहिल्या पायरीला द्या.

पायरी पहिली: घरातल्या पैशाचा इतिहास लिहा

एक निवांत संध्याकाळ काढा आणि तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. लहानपणी घरात पैशावरून वाद झाला की कोण बोलायचं आणि कोण गप्प बसायचं? घरातला पैसा अचानक आटला, असं कधी झालं का? आणि ‘पैसेवाले’ म्हटलं की मोठी माणसं काय म्हणायची? आई-बाबा किंवा आजी असतील तर त्यांनाही विचारा. तुम्हाला जे अर्धवट आठवतं, ते त्यांना नीट सांगता येईल.

गोव्यात या उत्तरांमागे अनेकदा खरी घटना असते. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांत २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि खनिज वाहून नेण्यासाठी कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. पुढे काम सुरू झालं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडलं. अशा घरात तेव्हा दहा-बारा वर्षांचं असलेलं मूल आज पणजीत नोकरी करतं, हप्त्यावर काहीही घ्यायला तयार होत नाही आणि का, ते त्याला सांगता येत नाही.

मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, घरातली आठवण वेगळी. जमीन भाटकाराची (जमीनमालकाची), त्यामुळे घर त्याच्या मर्जीवर. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ मध्ये झाला, पण पैसेवाला म्हणजे आपल्याला उठवणारा, ही समजूत घराघरांत पुढच्या पिढीकडे गेली. त्यातला कुणी चांगला कमावू लागला की त्याला स्वतःच्याच कमाईचा संकोच वाटतो आणि गावात कुणी उसने मागितले तर नाही म्हणवत नाही. वडील आखातात किंवा बोटीवर असलेल्या घरात मुलांना बाबा भेटायचे ते मुख्यतः पाठवलेल्या पैशांतून आणि सुटीवर आणलेल्या बॅगांतून. अशा घरात वाढलेल्याला माया दाखवायची झाली की वस्तूच आणावीशी वाटते.

तुमची घटना सापडली की तिच्याखाली लिहा: ‘त्या वेळी असं वागणं बरोबर होतं.’ हे मनापासून लिहा, कारण ते बरोबरच होतं. ट्रक दारात उभा असताना कर्जाला घाबरणं शहाणपणाचंच होतं. मग खाली दुसरं वाक्य लिहा, ‘आज परिस्थिती अशी आहे’, आणि पुढे आजचे खरे आकडे: कमावणारे किती, पगार किती, ठेव किती, देणं किती. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. परिस्थिती खूप बदललेली असेल, तर जुनी सवय आज तुम्हाला विनाकारण राबवते आहे. फारशी बदललेली नसेल, तर तुमची भीती खरी आहे. तिला समजावत बसू नका, तिसऱ्या पायरीवरचा बंदोबस्त करा. मात्र स्वतःला कंजूष किंवा उधळ्या म्हणणं आजपासून थांबवा. त्या शिक्क्याने लाज तेवढी वाढते आणि लाजेपोटी माणूस हिशेबच पाहायचा बंद होतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड क्लॉन्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पैशाविषयीच्या समजुतींचे चार गट मांडले: पैसा वाईट म्हणून टाळणं, पैशाने सगळं सुटेल असं धरणं, पैशावरून माणसाची किंमत करणं आणि पैशाबाबत सदा सावध राहणं. तुम्ही लिहिलेलं कुठे बसतं ते पाहा. दोन गटांत बसलं तरी बिघडत नाही.

पायरी दुसरी: वहीत एक रकाना वाढवा

महिनाभर खर्च लिहिताना रकमेपुढे एक शब्द मनाचा लिहा. मासळी, चारशे, काही नाही. भाच्याच्या मुंजीचा आहेर, दोन हजार, लाज. रात्री अकराला मोबाईलवरून मागवलेला ड्रेस, बाराशे, एकटेपणा. महिना संपला की फक्त शब्द वाचा, रकमा झाका. तोच तो शब्द वारंवार दिसेल, आणि पुढचं काम त्या एका शब्दावर करायचं आहे.

चवथीचा खर्च मात्र वेगळ्या पानावर लिहा. माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान, फटाके, पाहुणे, मुलीच्या सासरी पाठवायचं वजें. प्रत्येक ओळीपुढे ‘आनंद’ किंवा ‘लोक काय म्हणतील’ यांतलं एक लिहा. आनंदाचा खर्च अजिबात कापू नका, तो वर्षभर पुरतो. दुसऱ्या प्रकारातला दर वर्षी एक कमी करा. एकच. घरातली मोठी माणसं एवढं खपवून घेतात.

पायरी तिसरी: भीतीला आकडा द्या

‘उद्या काही झालं तर’ या वाक्याला अंत नसतो, म्हणून त्याची रक्कम काढायची. शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं), गेस्ट हाऊस, टॅक्सी, भाड्याच्या गाड्या यांवर चालणाऱ्या घरांत पैसा मुख्यतः ऑक्टोबर ते मे येतो. घरखर्च महिना २५ हजार असेल, तर पावसाळ्याच्या चार महिन्यांना १ लाख लागतात. मोसमाचे महिने आठ, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार बाजूला. आपल्या आज्या मे महिन्यात तांदूळ, सुकी मासळी, मिरची, सोलं भरून पुरुमेंत करायच्या, तसंच हे पैशाचं पुरुमेंत. वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला एटीएम कार्ड घेऊ नका. साडेबारा जमत नसतील तर तीन हजारांनी सुरुवात करा. जूनमध्ये हाताशी २४ हजार असतील.

बँक बुडण्याची धास्ती असेल तर तिचाही आकडा आहे. ठेव विम्याखाली एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. सहकारी बँकांनाही ते लागू होतं, पतसंस्थांना होत नाही. रक्कम त्याप्रमाणे वाटून ठेवा.

आणि ओढगस्तीच्या महिन्यात मोठे निर्णय घेऊ नका. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. तेच शेतकरी, चाचण्यांचे तेच प्रकार, पण पीक हाती येण्याआधी, पैशाची चणचण असताना, विचारशक्तीच्या या चाचण्यांत त्यांची कामगिरी कापणीनंतरच्या मानाने कमी होती. चणचण डोकं व्यापून टाकते. म्हणून सोनं विकणं, कर्ज काढणं, जमिनीचा व्यवहार हे ऑगस्टात ठरवू नका. टाळता येण्यासारखंच नसेल, तर ज्याचा त्यात काही स्वार्थ नाही अशा एकाला कागद दाखवा.

पायरी चौथी: घरात बोला

जेवणं झाल्यावर, आकडे बाजूला ठेवून. ‘तू उधळतोस’ म्हटलं की नवरा उठून जाणार. ‘बाबांचा ट्रक गेला तेव्हापासून हप्ता म्हटलं की मला झोप लागत नाही’ असं म्हटलं तर तो थांबून ऐकण्याची शक्यता खूप जास्त. पहिल्या पायरीचा कागद एकमेकांना वाचायला द्या. सासू-सासऱ्यांशी बोलायचं तर सल्ल्यापासून सुरुवात करू नका; ‘बाबा, तुम्ही पहिला पगार कशावर खर्च केलात?’ असं विचारा. मुलांपासून अडचण लपवू नका. त्यांना घरातली कुजबुज ऐकू येतेच आणि न सांगितलेली गोष्ट ती आणखी मोठी करून घेतात. ‘या महिन्यात हात आखडता आहे, पण शाळेची फी भरलेली आहे,’ एवढं पुरे.

पायरी पाचवी: वहीच्या पलीकडचं असेल तर

मटका किंवा कॅसिनो सुटत नाही, घरच्यांपासून कर्ज लपवलं आहे, देणेकऱ्याचा फोन वाजला की छातीत धडधडतं, जगणं नको वाटतं, यांतलं काही असेल तर वर सांगितलेलं पुरणार नाही. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेचं रुग्णालय आहे. तिथे जाताना घरातलं एक माणूस आणि देण्यांची पूर्ण यादी सोबत घ्या, लपवलेल्या रकमांसकट.